अमेरिकी हायस्कुलातील इतिहास : चित्र, नाटक आणि गोधडीच्या पाठीमागे कागद किती?

पारिजातक

मी इलिनॉय राज्यात शिकागोजवळच्या एका सरकारी हायस्कुलात अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवते. आमच्याकडे हा विषय इंग्रजी साहित्याशी जोडून घेतला जातो: सलग दोन तासिका, एकाच वर्गात दोन शिक्षिका, आणि वेळापत्रकावर विषयाचे नाव ‘अमेरिकन स्टडीज’. अमेरिकेतील बऱ्याच हायस्कुलांत ही पद्धत आहे. अलीकडे त्यात गणित, विज्ञान आणि चित्रकलेचे शिक्षकही सहभागी होऊ लागले आहेत आणि मुलांकडून वर्षाकाठी दोन-तीन मोठे प्रकल्प करून घेतले जातात. येथील मराठी पालक मला वारंवार विचारतात की, चित्रे रंगवून आणि नाटुकली बसवून मुले खरोखर इतिहास शिकतात का. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मोघम देऊन भागणार नाही, म्हणून एका प्रकल्पाचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सविस्तर लिहिते.

१९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय नागरिकांनी दक्षिणेकडील राज्ये सोडून उत्तरेची आणि पश्चिमेची शहरे गाठली. या महास्थलांतराचा पहिला टप्पा आम्ही घेतो, कारण आमचे विद्यार्थी ज्या शहराच्या सावलीत वाढतात त्याची घडण त्या टप्प्यात झाली. सुरुवात पत्रांनी होते. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचे साप्ताहिक दक्षिणेतील खेडोपाडी पोचत असे. रेल्वेच्या पुलमन डब्यांतील (म्हणजे शयनयानांतील) पोर्टर त्याचे गठ्ठे सोबत नेत. ते वाचून लोक पत्रे लिहीत: काम मिळेल का, तिकिटाचे पैसे कोणी आगाऊ देईल का, मुलांना शाळा मिळेल का. एमेट स्कॉट यांनी अशी पत्रे जमवून १९१९ मध्ये ‘जर्नल ऑफ निग्रो हिस्टरी’ या नियतकालिकात छापली. त्यांचे शुद्धलेखन कच्चे आहे, पण लिहिणारा नेमके बोलतो: मला अमुक काम येते, घरात इतकी माणसे आहेत, आणि कृपा करून हे पत्र छापू नका. शेवटच्या विनंतीपाशी वर्ग हमखास थांबतो. पत्र छापले तर काय होईल, याची त्या माणसाला भीती का वाटते, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात, आणि तेथून दक्षिणेतील वर्णभेदाचे ‘जिम क्रो’ कायदे, खंडाने केलेली शेती, सावकारी कर्ज आणि लिंचिंग (जमावाने केलेल्या हत्या) हे सारे विषय उलगडू लागतात.

दुसऱ्या आठवड्यात गणिताचे शिक्षक जनगणनेचे आकडे घेऊन येतात. शिकागोतील कृष्णवर्णीयांची लोकसंख्या १९१० मध्ये ४४,१०३ होती. ती १९२० मध्ये १,०९,४५८ आणि १९३० मध्ये २,३३,९०३ झाली. मुलांनी आलेख काढल्यावर त्यांना विचारले जाते की, माणसे पाचपट झाली, पण त्यांना राहू दिलेली वस्ती किती वाढली? मग शहराचे नकाशे उघडतात आणि १९१९ च्या उन्हाळ्यातील शिकागोची वांशिक दंगल समोर येते.

यानंतर चित्रकला. जेकब लॉरेन्स या चित्रकाराने १९४०-४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, याच स्थलांतरावर साठ फलकांची चित्रमालिका पूर्ण केली. आज तिचे विषम क्रमांकाचे फलक वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये आणि सम क्रमांकाचे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. लॉरेन्सने आधी ग्रंथालयात बसून अभ्यास केला, मथळे लिहिले आणि मगच चित्रे काढली. रंगांत एकवाक्यता राहावी म्हणून एक रंग घेऊन तो साऱ्या फलकांवर लावायचा आणि नंतर पुढचा रंग घ्यायचा, अशी त्याची पद्धत होती. आमच्या मुलांना याच क्रमाने काम करावे लागते. प्रत्येक गटाने एक फलक करायचा, त्याखाली एका वाक्याचा मथळा लिहायचा आणि फलकाच्या पाठीमागे आपल्या आधाराचे कागद चिकटवायचे.

एका विद्यार्थ्याने गजबजलेले रेल्वे स्थानक रंगवले होते. रंगसंगती सुरेख होती, आणि फलाटावरील सगळी माणसे हसत होती. मी त्याला एवढेच विचारले की, हे हसू तुला कोणत्या पत्रात सापडले? तो पुन्हा पत्रांकडे आणि वर्तमानपत्रांकडे वळला. मजूर निघून जाऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी स्थानकावर लोकांना अटक होत असे आणि त्यांची गाडी चुकवली जात असे, हे त्याच्या तेव्हा लक्षात आले. त्याच्या नव्या फलकात फलाट जवळजवळ मोकळा आहे, गाडी निघण्याच्या बेतात आहे आणि एक बाई आपले बोचके पाठीमागे लपवून तिकिटाच्या खिडकीकडे न बघता उभी आहे. चित्रातली ही बाई त्याच्या कल्पनेतील आहे. तिचे न बघणे मात्र पुराव्यातून आलेले आहे. सर्जनशील प्रकल्पाला माझा मनापासून पाठिंबा आहे, तो या अटीवर की मुलाच्या प्रत्येक कलात्मक निर्णयामागे त्याला अस्सल कागद दाखवता आला पाहिजे. ही अट नसेल, तर त्या कामाला चित्रकलेचे गुण जरूर द्यावेत, इतिहासाचे देऊ नयेत.

तुमच्या मुलांच्या शाळांतील अनुभव कसे आहेत, ते कृपया लिहावे.

ओसरी

पारिजातक, तुमच्या वर्गात बसायला मला आवडेल, पण सगळे वर्ग असे नसतात. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या मुलीला वसाहतकाळातील खेड्याची प्रतिकृती करून आणायची होती. पुठ्ठा, गोंद, रंग आणि लाकडी काड्या आणण्यात आमचे दोन शनिवार-रविवार गेले आणि खर्चही बराच आला. गुणपत्रकात नीटनेटकेपणा, रंगसंगती आणि वेळेवर सादरीकरण यांना गुण होते. त्या खेड्यातली माणसे काय पिकवत होती, त्यांची जमीन आधी कोणाची होती, त्यांच्या घरात गुलाम होते का, यांपैकी एकही प्रश्न कोणी विचारला नाही. ज्यांच्या घरी वेळ आणि पैसा आहे त्यांची प्रतिकृती देखणी होते; ज्या मुलीची आई दोन पाळ्यांत काम करते तिची होत नाही. इतिहासाच्या गुणांत हा भेद का यावा?

दुसरी चिंता परीक्षेची आहे. अकरावीत बरीच मुले एपी यूएस हिस्टरी (महाविद्यालयीन पातळीचा अमेरिकेच्या इतिहासाचा विषय) घेतात. मे महिन्यातील परीक्षेत पंचावन्न बहुपर्यायी प्रश्न, तीन लघुत्तरे, एक मोठा निबंध आणि सात दस्तऐवज वाचून लिहायचे एक उत्तर असते. अभ्यासक्रम १४९१ पासून आजपर्यंतचा. त्यात एका स्थलांतरावर तीन-चार आठवडे दिले, तर बाकीचे शिकवायचे केव्हा?

कागदपत्रे

मी ओहायोत एका ग्रंथालयाच्या अभिलेख विभागात काम करतो आणि ‘नॅशनल हिस्टरी डे’ या स्पर्धेच्या स्थानिक फेरीत परीक्षक म्हणून बसतो. ओसरी यांनी मांडलेल्या विषमतेच्या प्रश्नावर या स्पर्धेच्या नियमांत पुष्कळ विचार झालेला आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

ही स्पर्धा १९७४ मध्ये क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डेव्हिड व्हॅन टॅसल या इतिहासाच्या प्राध्यापकांनी सुरू केली. आज दरवर्षी पाच लाखांहून अधिक विद्यार्थी तिच्यात उतरतात आणि राष्ट्रीय फेरी जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या कॉलेज पार्क येथील आवारात होते. दरवर्षी एक सूत्र दिले जाते. विषय विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा आणि तो पाच प्रकारांपैकी एकात मांडायचा: शोधनिबंध, प्रदर्शनफलक, माहितीपट, नाट्यप्रयोग किंवा संकेतस्थळ. प्रदर्शनफलकावर विद्यार्थ्याचे स्वतःचे शब्द पाचशेच्या वर जाऊ शकत नाहीत. माहितीपट आणि नाट्यप्रयोग दहा मिनिटांत संपवावे लागतात. शब्दांची ही मर्यादा फार उपकारक आहे, कारण पाचशे शब्दांत मांडायचे तर आधी काय सोडायचे ते ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी विषय पूर्ण समजलेला असावा लागतो.

कामासोबत एक प्रक्रिया-टिपण द्यावे लागते: विषय का निवडला, साधने कोठे शोधली, मत कोठे बदलले. सोबत संदर्भसूची असते आणि तिच्यातील प्रत्येक साधनाचा आपण काय उपयोग केला हे एक-दोन वाक्यांत लिहावे लागते. ऐंशी टक्के भार ऐतिहासिक गुणवत्तेला आहे. देखणेपणा उरलेल्या वीस टक्क्यांत बसतो. शेवटी आम्ही मुलांशी बोलतो, आणि कोणाच्या पालकांनी फलक रंगवला हे पहिल्या दोन-तीन प्रश्नांत कळते. वर्गातील शिक्षकांनीही गुणांची अशीच विभागणी केली, तर ओसरींच्या मुलीवर जो प्रसंग आला तो टळेल.

मुलांच्या हातून किती मोठे काम होऊ शकते याचे एक उदाहरण पारिजातक यांच्याच इलिनॉयमधले आहे. १९६४ च्या जूनमध्ये मिसिसिपीतील फिलाडेल्फिया या गावाजवळ जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. लिंकनशायर येथील स्टीव्हन्सन हायस्कुलातील तीन विद्यार्थिनींनी या स्पर्धेसाठी त्यावर माहितीपट केला. त्यांनी जुने दस्तऐवज तपासले, संबंधितांच्या मुलाखती घेतल्या आणि खुद्द मुख्य संशयित एडगर रे किलन याच्याशीही बोलणे मिळवले. प्रकरण पुन्हा उघडावे या मागणीला त्या कामाने बळ मिळाले. २१ जून २००५ रोजी, खुनाला बरोबर एक्केचाळीस वर्षे होत असताना, किलन दोषी ठरला. श्रेय एकट्या मुलींचे नव्हे. मिसिसिपीतील एका पत्रकाराने आणि मृतांच्या कुटुंबीयांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला होता. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनी केलेली मुलाखत त्या कामात मोलाची ठरली, ही गोष्ट मला प्रत्येक नव्या तुकडीला सांगावीशी वाटते.

रानजाई

मी कापडकाम करते आणि शाळांत गोधडीच्या कार्यशाळा घेते. पारिजातक यांनी घातलेली अट किती आवश्यक आहे, ते माझ्या क्षेत्रातील एका उदाहरणावरून सांगते.

अमेरिकेतील असंख्य शाळांत फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या महिन्यात, मुलांकडून कागदाची किंवा कापडाची गोधडी करून घेतली जाते आणि त्यांना सांगितले जाते की, पळून जाणाऱ्या गुलामांना वाट दाखवण्यासाठी गोधड्यांत सांकेतिक नक्षी असत: पान्याची नक्षी म्हणजे सामान बांधा, उडत्या हंसांची नक्षी म्हणजे उत्तरेकडे चला. ही कथा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकामुळे सर्वत्र पसरली, आणि त्या पुस्तकाचा मुख्य आधार एका कुटुंबातील तोंडी परंपरा हा होता. गोधड्यांच्या आणि गुलामगिरीच्या अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा समकालीन पुरावा सापडला नाही. विल्यम स्टिल यांनी स्वतः शेकडो पळून आलेल्यांना मदत केली आणि त्यांच्या हकिकती १८७२ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या. त्यांत असे संकेत नाहीत. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वीच्या गुलामांच्या दोन हजार तीनशेहून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. त्यांतूनही या कथेला आधार मिळत नाही. कथा गोड आहे, हाताने करायला सोपी आहे, गणिताच्या शिक्षकाला त्यात भूमिती सापडते आणि चित्रकलेच्या शिक्षकाला रंग. विषय एकमेकांत छान गुंफले जातात आणि मध्यभागी असते ती पुराव्यावाचूनची गोष्ट. मला याचे फार वाईट वाटते, कारण जे लोक रात्रीच्या रात्री चालले, ज्यांना कुत्र्यांनी हुंगून काढले, त्यांचे धैर्य खऱ्या कागदांत इतके स्पष्ट नोंदलेले आहे की त्यांना कल्पित संकेतांची गरज नाही.

याच्या बदल्यात मी हॅरिएट पॉवर्स यांच्या गोधड्या शिकवते. त्या १८३७ मध्ये जॉर्जियात गुलामगिरीत जन्मल्या. त्यांच्या दोन गोधड्या आज शाबूत आहेत: एक स्मिथसोनियन संग्रहालयात, दुसरी बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये. पहिली त्यांनी हलाखीच्या दिवसांत पाच डॉलरला विकली, आणि ती विकत घेणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षिकेने प्रत्येक चौकटीचा अर्थ त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवला, म्हणून आपल्याला तो ठाऊक आहे. बोस्टनमधील गोधडीत पंधरा चौकटी आहेत. बऱ्याच बायबलमधील कथांच्या आहेत, पण एका चौकटीत आकाशातून तारे पडत आहेत आणि खाली माणसे भेदरून उभी आहेत. ही १३ नोव्हेंबर १८३३ ची रात्र आहे, जेव्हा लिओनिड उल्कांचा अभूतपूर्व वर्षाव झाला. पॉवर्स यांचा जन्म त्यानंतर चार वर्षांनी झाला. म्हणजे ती रात्र त्यांनी पाहिलेली नाही. मोठ्यांकडून ऐकली आणि साठ वर्षांनंतर कापडावर आणली.

खगोलशास्त्राचे शिक्षक मुलांना समजावून सांगतात की, हा वर्षाव धूमकेतूच्या धुळीमुळे होतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी जोर धरतो. इतिहासाचे शिक्षक त्या रात्रीची वर्तमानपत्रे वाचून घेतात. त्यानंतर माझे काम सुरू होते: घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली, आपण स्वतः न पाहिलेली एक घटना निवडा, तिची तारीख छापील साधनात शोधा आणि एका चौकटीत कापड कापून टाचा. तोंडी आठवण आणि छापील नोंद यांत कोठे फरक पडतो हे मुलांना सुई हातात असताना जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

पारिजातक

रानजाई, उल्कावर्षावाची चौकट मी पुढच्या वर्षी नक्की घेणार आहे.

ओसरी, परीक्षेचा ताण खरा आहे आणि तो नाकारून चालणार नाही. सगळा अभ्यासक्रम प्रकल्पांतून शिकवता येत नाही. राष्ट्राध्यक्ष जॅक्सनच्या काळातील बँकेचा वाद किंवा जकातीचे कायदे मी फळ्यावरच शिकवते आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. मात्र सात दस्तऐवजांच्या ज्या उत्तराचा तुम्ही उल्लेख केला, त्यात दस्तऐवज कोणी लिहिला, कोणासाठी, कोणत्या हेतूने, हेच तपासायचे असते. फलकाच्या पाठीमागे चिकटवलेल्या पत्राविषयी आम्ही तोच प्रश्न विचारतो. साहित्याच्या खर्चावर आमच्याकडे सरळ उपाय केला आहे: फलक, रंग आणि कागद शाळा देते आणि काम वर्गातच होते. घरी न्यायची ती वाचनाची पाने.

दक्षिणवारा

कॅलिफोर्नियातून लिहितो आहे. नाट्यीकरणाबद्दल एक गंभीर मुद्दा राहून गेला आहे. काही वर्गांत अजूनही गुलामांच्या लिलावाचा किंवा गुलामवाहू जहाजाचा ‘अनुभव’ मुलांना दिला जातो. कोणाला खरेदीदार केले जाते, कोणाला जमिनीवर दाटीवाटीने झोपवले जाते. अशा प्रकारांबद्दल वेगवेगळ्या राज्यांत पालकांनी तक्रारी केल्या आहेत आणि त्या योग्यच आहेत. वर्गातील कृष्णवर्णीय मुलाला आपल्या पूर्वजांचा अपमान पुन्हा सोसावा लागतो, आणि इतर मुलांना पंधरा मिनिटांत आपल्याला सारे कळले असे वाटू लागते. कळलेले काहीच नसते.

माझ्या अनुभवात न्यायालयातील युक्तिवाद हा नाट्याचा सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत सकस प्रकार आहे, कारण तेथे बोलायचे शब्द अभिलेखात असतात. आम्ही दोन खटले जोडून घेतो. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जपानी वंशाच्या ताकाओ ओझावा यांना नागरिकत्व नाकारले आणि सांगितले की, नागरिकत्वास पात्र ठरवणाऱ्या कायद्यातील गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंड यांचा खटला निकालात निघाला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, आणि तत्कालीन वंशशास्त्रानुसार आपण कॉकेशियन आहोत असा त्यांचा दावा होता. त्याच न्यायालयाने आता म्हटले की, शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तीने लिहिलेले आहेत. मुले दोन गटांत बसून ते वाचतात, जीवशास्त्राचे शिक्षक वंशाच्या त्या जुन्या वर्गीकरणात काय चुकीचे आहे ते दाखवतात, आणि मग वकील पुन्हा उभे राहतात. एका मुलीने न्यायमूर्तींची भूमिका करताना मध्येच थांबून शिक्षकांना विचारले, “मी तीन महिन्यांपूर्वी याच्या उलट लिहिले आहे, मग मी आता काय बोलू?” त्या प्रश्नावर उरलेली तासिका गेली आणि ती सत्कारणी लागली.

या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने ते दार पुन्हा उघडले, पण नव्याने येऊन स्थायिक होण्याची परवानगी वर्षाला शंभर भारतीयांपुरतीच ठेवली. येथील आपल्या मुलांना हा भाग अमेरिकेच्या इतिहासात येतो याचे अनेकदा नवल वाटते.

ओसरी

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला आहे. प्रतिकृतीबद्दलचा राग मात्र कायम आहे. एक प्रत्यक्ष प्रश्न विचारते. मुलीला यंदा स्पर्धेत भाग घ्यायचा आहे आणि तिने आनंदीबाई जोशी हा विषय निवडला आहे. शिक्षकांनी विचारले की, यात अमेरिकेचा इतिहास कोठे आहे? तिला उत्तर देता आले नाही, आणि मलाही ते नेमके मांडता येत नाही.

कागदपत्रे

ओसरी, विषय उत्तम आहे. फक्त प्रश्न आनंदीबाईंच्या चरित्राभोवती न ठेवता त्यांच्या महाविद्यालयाभोवती ठेवावा. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या फिलाडेल्फिया शहरातील विमेन्स मेडिकल कॉलेज, जेथे आनंदीबाई शिकल्या, १८५० मध्ये स्थापन झाले, कारण पुरुषांची वैद्यकीय महाविद्यालये स्त्रियांना दारात उभी करत नव्हती. १८८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला. त्याच दशकात हे महाविद्यालय भारत, जपान आणि सिरिया येथून आलेल्या स्त्रियांना प्रवेश देत होते. एक दार बंद होत असताना दुसरे का उघडत होते, हा अस्सल अमेरिकी इतिहासाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात धर्मप्रसारक संस्था, स्त्रियांच्या हक्कांची चळवळ आणि वर्गभेद असे सगळे धागे येतील.

साधनांची चणचण भासणार नाही. महाविद्यालयाचे अभिलेख आज फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहेत. १० ऑक्टोबर १८८५ चे ते प्रसिद्ध छायाचित्रही त्यांत आहे, ज्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लांबुली आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या आहेत. हे छायाचित्र कोणी आणि कोणाला दाखवण्यासाठी काढवून घेतले, या एका प्रश्नावर मुलगी चांगला आठवडाभर काम करू शकेल. आनंदीबाई ज्यांच्या घरी प्रथम राहिल्या त्या कार्पेंटरबाई तुमच्याच न्यू जर्सीतील रोझेल गावच्या होत्या. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी येथे आहेत; ती जागा गाडीने सहज गाठता येते.

आणखी एक गोष्ट. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी अमेरिकेत आल्या, पुढे तेथे राहून देशभर फिरल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेतील लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्याआधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला होता. मुलीला मराठी वाचता येत असेल, तर रमाबाईंचे पुस्तक तिने मुळातून वाचावे. परीक्षकांना त्यातील उतारे अनुवादासह दिले तर चालतात, आणि अमेरिकेविषयी बाहेरच्या स्त्रीने तिच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले साधन तिच्या फेरीत बहुधा दुसऱ्या कोणाकडे नसेल.

प्रकार कोणता निवडावा, तर मी प्रदर्शनफलक सुचवेन. मध्यभागी छायाचित्र, डावीकडे १८८२ चा कायदा, उजवीकडे महाविद्यालयाची प्रवेशनोंद आणि रमाबाईंचा उतारा. विज्ञानाच्या शिक्षकांना क्षयरोगाच्या भागासाठी अवश्य विचारावे: जर्मन शास्त्रज्ञ कॉख यांनी क्षयाचा जंतू मार्च १८८२ मध्ये जाहीर केला होता, आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये त्याच रोगाने गेल्या, आणि पहिले परिणामकारक औषध १९४० च्या दशकात आले. फलकाचा आराखडा तयार झाला की येथे टाका. मथळ्यांचे शब्द मोजून देण्याचे काम माझे.